पुढे दोघी

१

जमखंडीच्या गुंडोपंतांना बेंगळूर बघायचं म्हणजे मुख्यतः बसची वाट बघायची, असंच होऊन बसलं होतं. उतरले होते मामेभावाकडे, रघुपतीकडे. त्याचं घर जयनगरात, आणि जयनगर म्हणजे त्या काळी गावाबाहेर आखलेली नवी वसाहत. रस्ते सरळसोट, झाडं कोवळी आणि दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही. विधानसौध बघा, कब्बन पार्क बघा की अलसूरचा तलाव बघा, आधी बस धरायची, मार्केटला उतरायचं, तिथं ताटकळायचं आणि दुसरी बस धरायची. बघणं घटकाभराचं, बाकी सगळा दिवस लाल बशींच्या हवाली.

या बशींचा एक रिवाज होता. बायका पुढच्या दाराने चढून पुढे बसत, पुरुष मागच्या दाराने चढून मागे. नवराबायको असली तरी दारातच फाटाफूट. कंडक्टर आला की पुढची बाई मागे अंगठा करून नुसतं ‘हिंदे’ म्हणायची. म्हणजे तिकीट मागचा माणूस काढील. मग कंडक्टर मागे आल्यावर पुढच्या किती जणी ते मागच्याने सांगायचं. गुंडोपंतांना ही पद्धत फार आवडली. बायको बरोबरही असायची आणि जवळही नसायची.

हे ऐकून कुणी त्यांना वाईट समजू नये. मामलेदार कचेरीत उभी नोकरी केलेला हा नाकासमोर चालणारा माणूस. त्यांनी कधी कुणाशी वाद घातला नाही, घरात तर नाहीच. आई काही म्हणाली की ‘बरं’. बायको काही म्हणाली की ‘आईला विचार’. आणि दोघींचं एकदमच काही निघालं की ‘तुमचं तुम्ही बघा’ असं म्हणून चपला पायांत सरकवायच्या आणि मारुतीच्या पारावर जाऊन बसायचं. आई, म्हणजे अंबूबाई, बारा वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. ती बारा वर्षं वसुमतीने त्यांच्या उशाशी काढली. गुंडोपंतांनी ती पारावर काढली.

चैत्रात अंबूबाई गेल्या. वर्ष व्हायच्या आत सहल कसली, म्हणून भाऊबंदांनी नाकं मुरडली. पण वसुमतीने लग्नानंतर पहिल्यांदाच नवऱ्याजवळ काही मागितलं होतं. आठ दिवस मला कुठंतरी न्या, शेजारी कुणी नको, एवढंच ती म्हणाली होती. गुंडोपंतांनाही नाही म्हणवेना, आणि ते दोघं कार्तिकात बेंगळूरला आले.

पहिल्याच दिवशी बसमध्ये कंडक्टर मागे आला. गुंडोपंतांनी नाणी पुढे केली आणि एक बोट वर केलं. पुढे एकजण.

कंडक्टरने मान हलवली. “मुंदे इब्बरु,” तो म्हणाला. पुढे दोघी.

बस खचाखच भरलेली. मधल्या उभ्या माणसांतून पुढचं काही दिसेना. कंडक्टरच्या मागे आणखी गिऱ्हाइकं खोळंबली होती. सुट्ट्या पैशांवरून कुणी दमात घेतलं तरी गुंडोपंत माफी मागत, ते इथं काय वाद घालणार.

“सरी,” ते म्हणाले, म्हणजे बरं, आणि तिसरं तिकीट घेतलं.

२

लालबागेत काचघराच्या समोर एका बाकावर दोघं टेकली. तिकिटाची गोष्ट गुंडोपंतांनी सहज सांगितली. तुझ्याशेजारी कुणी फुकटी बसली होती काय, असं हसत विचारलं.

वसुमती हसली नाही. शेजारी कुणी नव्हतं, म्हणाली. मी आपलं ‘हिंदे’ म्हटलं आणि कंडक्टर पुढे गेला. आज सकाळी घरातून निघताना तिचा चेहरा ताजा होता, नव्या शहराच्या उत्साहाने तिने रघुपतीच्या बायकोला, भाग्यलक्ष्मीला, दहा प्रश्न विचारले होते. आता ती एखादा मांडव आवरून आल्यासारखी दिसत होती.

बसचा धक्का लागला असेल, गुंडोपंतांनी स्वतःशी म्हटलं. मग त्यांचं लक्ष तिच्या हाताकडे गेलं.

आल्या दिवशीच भाग्यलक्ष्मीने तिला नव्या हिरव्या बांगड्या भरायला लावल्या होत्या. त्या मनगटावर नव्हत्या. वर, पार कोपराशी दाटून बसवलेल्या होत्या. अंबूबाईंना बांगड्यांची किणकिण सोसत नसे, डोक्यात घण पडतात म्हणायच्या. त्यामुळे त्यांच्या उशाशी बसताना वसुमती बांगड्या अशा वर सरकवून ठेवायची. आई गेल्यावर तिने त्या खाली सोडल्या होत्या आणि स्वयंपाकघरातून पुन्हा आवाज यायला लागला होता. तो ऐकताना गुंडोपंतांना बरं वाटायचं, आणि बरं वाटतं म्हणून वाईटही वाटायचं.

“बांगड्या वर का केल्यास?” त्यांनी विचारलं.

वसुमतीने हाताकडे पाहिलं. ते तिचं तिलाच माहीत नव्हतं, हे स्पष्ट दिसलं. तिने एकेक बांगडी खाली ओढली. मनगटावर, कुणीतरी फार वेळ धरून ठेवावं तसा, एक लालसर पट्टा उमटला होता. बसमधला दांडा धरला होता म्हणून असेल, ती म्हणाली. गुंडोपंतांनी लगेच मान डोलावली. बसलेल्या बाईने दांडा कशाला धरावा, हे त्यांनी विचारलं नाही.

३

त्यानंतर रोज तेच. कंडक्टर वेगळे, बशी वेगळ्या, रस्ते वेगळे. जाड मिशांचा एक होता, तोंडात तंबाखूचा बार भरलेला एक होता, एक तर अगदी कोवळा, नवाच लागलेला. गुंडोपंत एक बोट वर करत आणि प्रत्येकजण तितक्याच निवांतपणे सांगे, पुढे दोघी. कुणाच्या बोलण्यात लबाडी नव्हती. जे दिसलं ते सांगत होते बिचारे.

गुंडोपंतांनी डोकं चालवलं. वसुमती कानडी जमखंडीच्या वळणाचं बोलते, इथल्या लोकांना ते समजत नसेल. नाहीतर शेजारची एखादी बाईही त्याच वेळी मागे अंगठा करत असेल आणि तिचा नवरा निराळंच तिकीट काढत असेल, म्हणजे कुणाचं तरी दोनदा निघत असेल. ही कारणं एकेका बसपुरती बरी होती. दुसऱ्या बसमध्ये चढताना मात्र ती मागे फलाटावरच राहून जात.

एकदा कब्बन पार्ककडे जाताना बस जरा रिकामी मिळाली. त्यांनी मान उंच करून पाहिलं. वसुमती दोघींच्या बाकावर होती, पण बसली होती अगदी कडेला, एक पाय मधल्या वाटेत टाकून. खिडकीकडची सगळी जागा मोकळी. ते पाहून त्यांना हायसं वाटलं. बघा, कुणी नाही. मग लक्षात आलं की पुढे पाचसहा बायका उभ्या आहेत, त्यातल्या एकीच्या काखेत मूल आहे, आणि त्या जागेवर कुणीच बसत नाही.

एका थांब्यावर एक म्हातारी फुलवाली टोपली घेऊन चढली. ती सरळ त्या बाकाशी आली, बसायला म्हणून वाकली, आणि वाकल्यावाकल्या थबकली. मग तिने, भरलेल्या जागेची माफी मागावी तसं, जरासं हसून काहीतरी म्हटलं आणि पुढे जाऊन दांडा धरून उभी राहिली.

गुंडोपंतांनी मान खाली घातली. मांडीवरच्या पिशवीचे बंद ते उगाचच सोडत आणि बांधत राहिले. उठून पुढे जावं, तिच्या शेजारी बसावं, असं मनात आलं. पण बायकांच्या जागेत पुरुषाने कसं जायचं? हा रिवाज त्यांना आता पहिल्यापेक्षाही जास्त आवडला, आणि आपल्याला तो का आवडतो याची त्यांना भीती वाटली.

४

दुपारी जेवून वसुमती आडवी व्हायची. डोळा लागला न लागला की ताडकन उठून बसायची आणि म्हणायची, “आले, आले.” मग आजूबाजूला बघायची, कुठे आहोत ते तिच्या ध्यानात यायचं, आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडायची.

भाग्यलक्ष्मीने हे पाहिलं. ती बेंगळुरातच जन्मलेली, तिच्या मराठीत कानडी मिसळलेली, पण बोलायला रोखठोक.

“अण्णा, अक्काला स्वल्प बसू द्या घरी,” कॉफीचा पेला पुढे ठेवत ती म्हणाली. “आल्या तेव्हा बऱ्या होत्या. फिरायला नेता का पाणी भरायला?”

गुंडोपंत म्हणाले, प्रवासाचा शीण आहे. रघुपती म्हणाला, उद्या जटका करून जा, घोड्याच्या गाडीत निवांत बसाल. ही सूचना गुंडोपंतांनी उचलून धरली. जटक्यात कंडक्टर नसतो.

दुसऱ्या दिवशी जटका दारात आला. वसुमती आधी चढली, मागून गुंडोपंत चढायला गेले तर गाडीवाल्याने हात आडवा केला. तो कुरकुरत होता. तिघं म्हणून आधी सांगायचं होतं, माझा घोडा म्हातारा आहे, मला चढाला तिघं नेता येणार नाहीत. गाडी मागच्या बाजूला चांगलीच कलली होती. वसुमती एकटी आत बसली होती, अंगाने काटकुळी, एका कडेला.

ती खाली उतरली. गाडी तशीच कललेली राहिली, आणि मग सावकाश, अगदी सावकाश, सरळ झाली.

ते दोघं घराच्या पायरीवर बसून राहिले. समोर रस्ता मोकळा होता. वसुमतीने पदराने तोंड पुसलं.

“तुम्हाला ठाऊक आहे की नाही?” तिने विचारलं.

गुंडोपंत चपलेचा अंगठा नीट करू लागले.

“मी काही विचारत नाही. कोण, कसं, काही नको मला. एवढंच सांगते, रोज तुम्ही तिकीट काढता म्हणून मला सरकून बसावं लागतं. मला आता सरकवत नाही हो.” तिचा आवाज चढला नव्हता, उलट विझत चालला होता. “बारा वर्षं मी तुम्हाला एकदा तरी म्हटलं का, की नाही म्हणा म्हणून? आता म्हणते. उद्या एकच काढा.”

“काढतो,” गुंडोपंत म्हणाले.

“बघा हं. नाहीतर मी काही जमखंडीपर्यंत पुरत नाही.”

घरातलं तेल आजच्यापुरतंच आहे असं सांगावं, तसं तिने हे सांगितलं. आपली बायको आपल्या डोळ्यांदेखत संपत चालली आहे, आणि ती वाचायची तर आपल्याला एक शब्द बोलावा लागणार आहे, हे त्यांना स्वच्छ समजलं. एकच शब्द, तोही सोपा.

५

सकाळच्या बसमध्ये त्यांच्याच्याने तो बोलवला नाही.

आधी त्यांनी एक युक्ती केली. वसुमतीला मागच्याच दाराने चढवलं आणि आपल्याशेजारी बसवलं. दोन थांबे ती तिथं बसलीही, आणि त्या दोन थांब्यांत गुंडोपंतांना वाटलं, सुटलो. तिच्या बांगड्या मनगटावर होत्या. ती बाहेर बघत होती, एका दुकानाच्या पाटीवरचं चित्र तिने त्यांना दाखवलंही. मग तिने एकदम पुढे पाहिलं, कुणी हाक मारल्यासारखं, आणि उठली. त्यांनी तिचा हात धरला होता का? नंतर त्यांना आठवेना. धरला असेल तर नीट धरला नसेल. ती माणसांतून वाट काढत पुढे गेली.

कंडक्टर आला. गुंडोपंतांनी ओठ उघडले. “मुंदे इब्बरु,” कंडक्टर म्हणाला, आणि त्यांच्या तोंडातून आयुष्यभराच्या सवयीने ‘सरी’ निघून गेलं.

विधानसौधासमोर उतरल्यावर वसुमतीने त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांच्या मुठीतल्या तिकिटांकडे नजर टाकली. एवढी भव्य दगडी इमारत समोर उभी होती, लोक माना उंचावून ती बघत होते, आणि ही बाई कुंपणाच्या कठड्यावर बसून डोळे मिटून श्वास घेत होती. गुंडोपंत तिच्यासमोर उन्हात उभे राहिले. त्यांना रडू येत होतं. परतताना काढतो, ते म्हणाले. आईची शपथ घेणार होते, ती त्यांनी अर्ध्यात गिळली.

६

परतीची बस तिसऱ्या प्रहरी मिळाली. मागे चारदोन माणसं पेंगत होती, पुढे बायका बऱ्याच होत्या आणि नेहमीप्रमाणे काही उभ्याही होत्या. कंडक्टर पोक्त वयाचा, कपाळाला गंध लावलेला, दमलेला माणूस होता. पुढची तिकिटं संपवून तो गुंडोपंतांपाशी आला.

“मुंदे इब्बरु.”

गुंडोपंतांनी बाकाची कड घट्ट धरली. “ओब्बरे,” ते म्हणाले. “एकच. पुढे एकच आहे.”

आवाज इतका बारीक निघाला, की ऐकू गेलं की नाही अशी त्यांना शंका आली. पण गेलं होतं. कंडक्टरने मागे वळून पुढे पाहिलं, पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं. तो चिडला नाही. हिशेब जुळत नसला की कचेरीतला जुना कारकून जसा समजुतीने विचारतो, तसं त्याने विचारलं. तिकीट एकीचंच असेल तर दुसरीला उतरावं लागेल. मग कुणाला उतरवू?

गुंडोपंत उठून उभे राहिले. पहिल्यांदाच त्यांना पुढचं सरळ दिसलं, कारण मधल्या बायका दोन्ही बाजूंना जरा जरा सरकल्या होत्या. बाकाच्या कडेला वसुमतीचं डोकं, पांढरं होत आलेलं, अंबाडा सैल झालेला. आणि खिडकीशी दुसरं. बुटकं, पुढे झुकलेलं, विटलेल्या लाल आलवणाने कानांवरून गच्च लपेटलेलं. वसुमतीचा डावा हात तिच्या स्वतःच्या मांडीवर नव्हता.

वसुमतीने मान अर्धी वळवली आणि नवऱ्याकडे पाहिलं. ती वाट पाहत होती. दुसरं डोकं वळलं नाही, पण तेही ऐकत होतं. बारा वर्षं बंद दाराआडूनही त्याला सगळं ऐकू येत असे.

नुसतं बोट दाखवलं असतं तरी पुरे होतं. ही राहू द्या, ती उतरवा. गुंडोपंतांच्या जिभेवर बायकोचं नाव आलं, ज्या नावाने त्यांनी चारचौघांत तिला कधी हाक मारली नव्हती. ते तिथंच अडलं. आणि आपण काय बोलतो आहोत हे कळायच्या आधीच ते बोलून गेले.

“नीवे नोडि,” ते म्हणाले. तुम्हीच बघा.

कंडक्टरने मान हलवली. तो पुढे गेला, वाकून काहीतरी म्हणाला आणि दोरी ओढली. थांबा नव्हता, एक मोठं झाड होतं, तिथं बस थांबली. पुढच्या दाराने एक बाई उतरली.

वसुमती रस्त्याच्या कडेला उभी होती. गुंडोपंतांनी खिडकीचे गज धरले. ती घाबरलेली दिसत नव्हती. तिने बसकडे पाहिलं, खिडक्यांवरून तिची नजर फिरत आली, त्यांच्यापाशी आली, आणि रस्ता विचारून गेलेल्या परक्या माणसाकडे बघावं तशी एक क्षण थांबून निघून गेली. मग ती पाठमोरी झाली आणि चालू लागली, बस आली होती त्या बाजूला, दोन्ही हात मोकळे सोडून. तिची चाल त्यांना ओळखू येईना. एवढ्या भरभर चालताना त्यांनी तिला कधी पाहिलं नव्हतं.

थांबवा म्हणावं, उडी टाकावी, निदान हाक मारावी. हे सगळं त्यांच्या मनात रांगेने आलं आणि तोवर बस सुटली होती. कंडक्टर परत आला, त्याने दोन तिकिटं त्यांच्या हातावर ठेवली, एक मागचं, एक पुढचं, आणि आपल्या जागेवर जाऊन टेकला. त्याचं काम झालं होतं.

पुढच्या बाकावर ते लाल डोकं खिडकीपासून सावकाश आत सरकलं. नीट बसून झाल्यावर एक वाळका हात बाहेर आला. मागे वळून न बघता त्या हाताने शेजारची रिकामी जागा थोपटली. थोडं थांबून पुन्हा थोपटली.

गुंडोपंतांनी पिशवी काखेला लावली आणि ते पुढे निघाले. बायकांनी त्यांना वाट करून दिली.